बाळी, शेंडी आणि नवसाचे केस

आमच्या गावच्या फाट्यावर संध्याकाळी जी तरणी पोरं उभी असतात, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या तरी कानात काहीतरी चमकतं. कुणाची बारीक बाळी, कुणाचा खडा, कुणाची मोत्याची भिकबाळी. दोघा-तिघांनी मानेपर्यंत केस वाढवलेत, त्यांना मागं रबर लावलेलं असतं. पारावर बसलेली आमच्या वयाची माणसं त्यांना नावं ठेवतात. "बायकांवानी कान टोचून घेत्यात आन् केसं वाढवित्यात. काय दिवस आले बघा!"

मी त्याच पारावर बसतो, पण मला ह्या बोलण्याचं हसू येतं. कारण बोलणाऱ्याच्या कानाकडं नीट बघितलं, तर त्याच्याही पाळीला भोक आहे. त्यात आता काही नाही, एवढंच. आणि त्याच्या बापाच्या डोक्यावर वीतभर शेंडी होती, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पन्नास वर्षांत माणूस एवढं विसरतो. म्हणून ही हकीगत लिहून ठेवावी म्हटलं. माझं शिक्षण दहावीपर्यंतचं. जे ऐकलं, बघितलं आणि नंतर वाचलं, तेवढंच सांगतो.

पुरुषाचं कान टोचणं लई जुनं. आमची शाळेची सहल वेरूळला गेली होती. तिथल्या दहाव्या लेण्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणतात. आत बुद्धाची मोठी मूर्ती आहे. अंगावर दागिना नाही, पण कानाच्या पाळ्या खाली लोंबलेल्या. मी मास्तरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "राजपुत्र होते ना. जड कुंडलं घालून पाळ्या ओघळल्या. कुंडलं सोडली, पाळ्या तशाच राहिल्या." पुढं लोणावळ्याजवळचं कार्ल्याचं लेणं बघितलं. दोन हजार वर्षांपूर्वीचं काम. दारापाशी नवरा-बायकोच्या जोड्या कोरल्यात. बाईच्या कानात जेवढं जड, तेवढंच बाप्याच्याही कानात. म्हणजे कानातलं हे बाईचं आणि बाप्याचं असं वेगळं नव्हतंच.

आपल्याकडं सोळा संस्कार सांगतात, त्यात कर्णवेध हा एक. सुश्रुताच्या जुन्या वैद्यक ग्रंथातही कान टोचायची रीत दिली आहे. मूल सहा-सात महिन्यांचं झालं की टोचावा. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. पाळी उन्हाकडं धरायची आणि जिथून उजेड आरपार दिसतो तिथंच सुई घालायची, म्हणजे शीर लागत नाही. टोचायचं कारण दोन शब्दांत दिलंय, रक्षण आणि भूषण. पाळी फाटली तर ती सांधायच्या पंधरा तऱ्हाही त्याच ठिकाणी सांगितल्यात. गालाचं कातडं घेऊन पाळी करायची एक तऱ्हा त्यात आहे.

हे मी वाचलं तेव्हा थक्क झालो, कारण आमच्या गावचा सोनार नेमकं तेच करायचा. त्यानं सुश्रुताचं नावही ऐकलं नसेल. सकाळी ऊन कोवळं असताना तो यायचा. पोराला मामाच्या नाहीतर आजीच्या मांडीवर द्यायचं. हातात गुळाचा खडा. सोनार पाळी दोन बोटांत धरून पोराचं तोंड सूर्याकडं फिरवायचा, डोळा बारीक करून उजेडाचा ठिपका शोधायचा. मग सोन्याची बारीक तार एका दमात आरपार, आणि तिचंच कडं वळून टाकायचं. पोरगं बोंबलेपर्यंत काम झालेलं असायचं. वरून हळद आणि गोडेतेल. गरिबाघरी तांब्याची तार असायची, तेही नसलं तर दोरा ओवून ठेवायचा आणि सुगीला बघू म्हणायचं. सोनाराला पसाभर गहू, खोबऱ्याची वाटी, सुपारी आणि जमतील ते पैसे.

'सोनारानंच कान टोचावे' ही म्हण तिथूनच आली. बोलायचं ते अधिकाराच्या माणसानं बोलावं, म्हणजे लागतं पण पिकत नाही. ज्या मालकिणीनं घरच्या सुईनं टोचून घेतला तिच्या पोराचा कान महिनाभर पू धरून बसायचा, हे आम्ही बघत होतो.

आता भिकबाळीचं. ही पाळीत नसते, कानाच्या वरच्या कडेला असते, बहुतेक उजव्या. शहरातली मंडळी तिला पेशवाई थाट समजतात. आमच्याकडं तिचा अर्थ नावातच होता. भीक मागून केलेली बाळी.

माझ्या आजीची तीन मुलं गेली. एक पाचवीच्या आतच गेलं, दुसऱ्याला देवी आल्या, तिसऱ्याला ताप. चौथ्या वेळी आमचे दादा झाले, म्हणजे माझे वडील. आजी पदर पसरून पाच घरं फिरली. घरची जमीन तिला होती, कणगीत दाणे होते, तरी फिरली. कुणी मूठभर बाजरी घातली, कुणी पैसा. त्या भिकेच्या पैशात गुंजभर सोनं आलं आणि ते दादांच्या कानाच्या वरच्या कडेला चढलं. आजी म्हणायची, "माझं म्हणून देवानं नेलं, आता हे गावाचं हाय. गावाचं लेकरू कोण नेईल?"

नावही तसंच ठेवलं, दगडा-धोंड्याचं. जुन्या माणसांत धोंडू, दगडू, भिकू, केरू अशी नावं पैशाला पासरी होती. हलकं नाव ठेवलं की मृत्यूचं लक्ष जात नाही, अशी समजूत. काही घरांत मूल सुपात घालून घटकाभर उकिरड्यावर ठेवायचे आणि शेजारणीनं उचलून आणायचं, म्हणजे ते टाकलेलं आणि सापडलेलं झालं. आज हे ऐकून नातवंडं हसतात. हसू द्या. पण ज्या घरात एकामागं एक तीन पाळणे रिकामे झाले, तिथल्या बाईच्या हातात दुसरं काय होतं? १९७५ साली देशातून देवीचा रोग गेला, दवाखाने आले, लशी आल्या. त्यानंतर जन्मलेल्या पोरांत मला एकही धोंडू आठवत नाही. नावं कोणी बंद केली नाहीत. भीती गेली, तशी नावं गेली. भिकबाळीही तशीच गेली.

मोठ्या घरचं कानातलं वेगळं होतं. पेशवाईच्या शेवटच्या काळात जेम्स वेल्स नावाचा विलायती चित्रकार पुण्यात आला होता. त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढली. त्यांच्या कानांत मोती आहेत. चार मोत्यांचा चौकडा हा सरदाराच्या कानाचा दागिना. म्हणजे कान बघून माणसाची पायरी कळायची. मोती असला तर सरदार, सोन्याची ठसठशीत बाळी असली तर पाटील नाहीतर बागाईतदार, बारीक तार असली तर कुणबी. आणि गावकुसाबाहेरच्या माणसानं सोनं घातलं, तर ते गावाच्या डोळ्यात खुपायचं. अंगावर सोनं घालायलासुद्धा जातीची परवानगी लागायची. जुन्या रीतीचं कौतुक करताना आपण हे सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कुणब्याच्या कानातली बाळी ही त्याची बँक होती. पेठेतल्या सावकाराकडं जायचं तर गहाण काय ठेवणार? बैल ठेवता येत नाही, पेरणी थांबते. बायकोचं डोरलं काढायला जीव धजत नाही. मग बाप्या आपल्या कानाला हात घालायचा.

१९६२ साली चीनचं युद्ध झालं. लोकांनी देशासाठी सोनं दिलं. पुढच्याच वर्षी सरकारनं सोन्याचा कायदा आणला, मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. नवा दागिना चौदा कॅरटच्या वरचा करायचा नाही असं ठरलं. चौदा कॅरटचं सोनं आमच्या लोकांना सोनं वाटेना. गावोगावचे सोनार बसले. आमच्या सोनाराची भट्टी थंड झाली, त्याचा पोरगा साखर कारखान्यात कामाला गेला. हे मी मोठ्यांच्या तोंडून ऐकलंय, तेव्हा मी लहान होतो. पण माझ्या धाकट्या चुलतभावाचे कान त्यामुळं टोचायचेच राहिले, ते राहिलेच. रीत अशी मोडते. कुणी ठरवून मोडत नाही, करणारा हात निघून जातो.

मग आला १९७२ चा दुष्काळ. आमचा भाग नगर जिल्ह्यातला, आता अहिल्यानगर म्हणतात. आधीच पाऊस कमी, त्यात दोन-तीन वर्षं ओढ. विहिरीचा तळ उघडा पडला. सगळं गाव खडी फोडायला. रेशनवर तांबडी मिलो मिळायची, पोरांना सुकडी. दादांनी आधी कडबा संपला म्हणून एक बैल विकला. त्यानंतर एक दिवस ते तालुक्याच्या पेठेला गेले आणि रात्री परत आले, तेव्हा दोन्ही पाळ्या मोकळ्या होत्या. त्यांनी गहाण ठेवल्या, पण त्या सुटल्या नाहीत. व्याज सोन्याच्या वर गेलं.

भिकबाळी मात्र त्यांनी ठेवली होती. सोनारानं ती सुद्धा मागितली होती म्हणे. दादा म्हणाले, "ती माझी न्हाई. ती गावाची हाय, ती मला मोडता येत न्हाई." माझी आजी तेव्हा जिवंत होती. तिनं हे ऐकलं आणि काही बोलली नाही, चुलीपुढं जाऊन बसली. दादा वारले तेव्हा ती बाळी त्यांच्या कानातच होती. आम्ही ती काढली नाही.

आता डोक्याचं सांगतो. पोराचं जावळ काढायचं ते कुलदैवताला किंवा दारात, मामाच्या मांडीवर. पुढं पुरुषाच्या डोक्याचा गोटा करून मधे शेंडी ठेवायची चाल होती. ती एकट्या ब्राह्मणात नव्हती, कुणब्या-माळ्यांतही होती. ब्राह्मणाचा घेरा मोठा, आमची शेंडी आखूड. पागोट्याखाली ती दिसायची नाही, पण अंघोळीला बसलं की आज्याची शेंडी ओली होऊन मानेवर चिकटायची, ते मला आठवतं. बाप मेला की दहाव्याला डोकं आणि मिशा भादरायच्या, शेंडी तेवढी राहायची.

हे सगळं न्हाव्याच्या हातात. त्याची धोकटी, त्यात वस्तरा, कात्री, चामड्याचा पट्टा, पाण्याची वाटी. चिंचेखाली बसून तो ओळीनं डोकी करायचा. पैसे नाहीत, सुगीला बलुतं. गावाची सगळी बातमी त्याच्याकडं. पण हाच न्हावी गावकुसाबाहेरच्या लोकांच्या डोक्याला हात लावायचा नाही. लावला असता, तर बाकीच्या गावानं त्याचं बलुतं बंद केलं असतं. ती माणसं एकमेकांची डोकी करायची.

न्हाव्यांनी एक मोठं काम केलेलं आहे, ते इथं सांगायला पाहिजे. वरच्या जातींत नवरा मेला की बाईचं डोकं भादरायचे. पुरुषाची शेंडी मानाची आणि बाईचा गोटा शिक्षा. १८९० साली मुंबईत नाभिक मंडळींनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं ठरवलं. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी त्यात पुढाकार घेतला होता. ज्यांच्या पोटाचा धंदा तोच, त्यांनी वस्तरा खाली ठेवला. संतांत सेना महाराज न्हावी आणि नरहरी महाराज सोनार. डोकं करणारा एक आणि कान टोचणारा एक, दोघांनाही पंढरीनं पोटाशी धरलं. त्यांच्या जातभाईंकडून आपण काय काय करून घेतलं, ते मात्र विसरलो.

शेंडी गेली ती शाळेनं आणि शहरानं. मुंबईला गिरणीत गेलेला माणूस गावी यायचा तो भांग पाडून. आमच्या वेळी तर अमिताभ बच्चनसारखे कान झाकणारे केस ठेवायची हौस आली. दादा म्हणायचे, "कान झाकल्यावर ऐकू कसं येईल?" म्हणजे आज आम्ही पोरांना जे बोलतो ते आमच्याही बापांनी बोलून ठेवलंय.

लांब केस ठेवणारे पुरुष गावाला नवे नव्हते. गोसावी यायचे, जटा डोक्यावर बांधलेल्या. नाथपंथी यायचे. आमच्यापासून जवळच पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांचं ठाणं आहे. होळीपासून पाडव्यापर्यंत तिथं यात्रा. महाराष्ट्रातले भटके लोक गोळा होतात, गाढवांचा बाजार भरतो. नवनाथांच्या कथेत कानिफनाथ हत्तीच्या कानातून जन्मले, असं सांगितलंय. ह्या पंथातल्या पुरी दीक्षा घेतलेल्या जोग्याच्या कानाचा मधला जाड भागच चिरतात आणि त्यात मोठी कुंडलं घालतात. म्हणून त्यांना कानफाटे म्हणायचं. सोनाराची तार पाळीतून जाते, माणूस घरात राहतो. जोग्याचा कान फाटला की माणूस घरातून गेला. त्यानं स्वतः पत्करलेली वाट आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण एक केस असे होते की ते ज्यानं वाढवले त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ते पोतराजाचे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचा बाप मरीआईचा पोतराज. कपाळाला हळद-कुंकू, कमरेला चिंध्यांचं आभरान, हातात कोरडा, पाठीवर मोकळे केस. त्याच्या बायकोची मुलं जगत नव्हती, म्हणून तिनं नवस केला होता, पोरगा जगला तर देवीला वाहीन. पोरगा जगला. त्याच्या केसाला कात्री लागली नाही. चौथीत असताना त्याची वेणी कमरेला आली होती. पोरं ती मागून ओढायची. त्याला बाकावर बसवायचे नाहीत, कोपऱ्यात बसायचा. गणितात तो आमच्या पुढं होता.

सातवीत असताना त्याचा बाप आजारी पडला आणि गावानं निरोप धाडला, आषाढात गाडा काढायचाय, पोराला उभं कर. पटकीच्या साथी विसरलेल्या नव्हत्या. मरीआईला शिवेबाहेर न्यायला पोतराज पाहिजे, अशी गावाची समजूत. त्या वेळी त्यांच्या वस्तीतली दोन-चार शिकलेली तरुण माणसं उभी राहिली. बाबासाहेबांचं नाव घेणारी. ती म्हणाली, पोरगा शाळेत जाईल, गाड्याबरोबर जाणार नाही. आणि एका रविवारी त्यांनी त्याचे केस कापले. गावातल्या न्हाव्यानं नव्हे, त्यांच्यातल्याच एकानं, साध्या कात्रीनं.

त्याची आई धाय मोकलून रडली. तिला वाटत होतं, आता पोरगं जातं. गावातले मोठे लोक त्या वस्तीवर जाऊन बोलून आले, "उद्या साथ आली तर जबाबदार कोण?" त्यात माझे चुलतेही होते. पाऊस आला, आषाढ गेला, श्रावण गेला. कुणाला काही झालं नाही. पोरगा सोमवारी शाळेत आला तेव्हा त्याची मान एकदम बारीक दिसत होती, आणि तो सारखा मानेवर हात फिरवत होता. पुढं तो शिकला, सरकारी नोकरीत लागला, रिटायर झाला. पार्थ पोळके ह्यांचं 'आभरान' हे पुस्तक निघालं, ते त्यानंच मला वाचायला दिलं. त्यात पोतराजाच्या घरचं जिणं पोतराजाच्या पोरानंच लिहिलंय.

मी ह्या दोन नवसांचा पुष्कळ विचार करतो. माझ्या आजीची मुलं जात होती आणि त्या आईचीही जात होती. दोघींची भीती एकच. आजीनं पाच घरं मागितली, गावानं मूठ-मूठ दाणे दिले, आणि ते लेकरू गावाचं झालं. त्यातून मिळाली एक बाळी, जिचा दादांना शेवटपर्यंत अभिमान होता. त्या आईकडं मात्र गावाला द्यायला तिचं पोरच होतं. गावानं ते घेतलं, त्याचे केस वाढवले, त्याच्या हातात कोरडा दिला, आणि वर त्यालाच कोपऱ्यात बसवलं. रीत दोन्हीकडं जुनीच. पण एकीत गाव देत होतं आणि दुसरीत गाव घेत होतं. कुठलीही जुनी रीत चांगली का वाईट, हे ठरवायला मला तरी हीच एक खूण सापडली आहे.

आता फाट्यावरच्या पोरांकडं वळतो. २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' सिनेमा आला, त्यानंतर भिकबाळीची लाट आली. पुण्याच्या ढोल पथकांतली पोरं घालतात, त्यांचं बघून आमची. दाबून बसवायची, भोकाशिवायची भिकबाळीसुद्धा मिळते. कान टोचायला आता सोनार लागत नाही, तालुक्याला दुकानात मशीन आहे, ठक् करून होतं. पारावरची माणसं म्हणतात, ह्यांना अर्थ माहीत नाही. खरं आहे. पण अर्थ सांगायचं काम कुणाचं होतं? आपण कानातलं विकलं, शेंडी कापली, आणि मुलांना काही सांगितलंच नाही.

आणि त्यांना तो अर्थ माहीत नाही, ह्यात एक आनंदाचीही गोष्ट आहे. ही पोरं भिकबाळी हौसेनं घालतात. त्यांच्या आईला कुणाच्या दारात पदर पसरावा लागलेला नाही. केस वाढवतात ते स्वतःच्या मर्जीनं, आणि कंटाळा आला की सलूनमध्ये जाऊन कापून येतात. त्या सलूनच्या खुर्चीवर आता कुणीही बसतं, न्हावी जात विचारत नाही. माझ्या पिढीनं एवढं तरी बघितलं.

परवा माझ्या पुतण्याचा मुलगा कान टोचून आला आणि मला घाबरत म्हणाला, "आबा, रागावू नका." मी त्याला जवळ बसवलं, पाळी उन्हाकडं धरून बघितली. भोक बरोबर उजेडाच्या ठिपक्यावर पडलं होतं. म्हणलं, "हळद-तेल लाव आन् आठ दिस विहिरीत उड्या मारू नको."